सातवा डाव आमच्याकडे

१५ जानेवारी

हरला! सोएजिमा पहिलाच डाव हरला. टीव्हीपुढे सगळ्यांचे चेहरे सुतकी. शिगेओने भाताचं भांडं असं आपटलं की जणू चूक त्या भांड्याची. मीही या माझ्या नवऱ्याशेजारी तोंड पाडून बसले. आणि आतून — खोटं कशाला लिहू, इथे कोण वाचतंय — हुश्श झालं!

नीट लिहून ठेवते, नाहीतर पुढच्या वर्षी माझं मलाच कळायचं नाही. शोगीचा, म्हणजे आमच्या जपानी बुद्धिबळाचा, किताब सात डावांचा. जो आधी चार जिंकेल त्याचा. दर डाव वेगळ्या गावी, वेगळ्या हॉटेलात, दोन-दोन दिवस चालणारा. आमच्या हॉटेलच्या वाट्याला आलाय सातवा, मार्चच्या २६-२७ला. म्हणजे तीन-तीन अशी बरोबरी झाली तरच! नाहीतर नव्या गाद्या, नगराध्यक्षांचे फलक, सगळं फुकट. कुरामोची आठ वर्षं किताब धरून बसलाय आणि त्याला लवकर आटपायची सवय आहे. त्यामुळे अख्खं गाव पोरसवद्या सोएजिमाच्या बाजूने.

आणि मामंजी. हृदयाची झडप गेलीय. डिसेंबरात न्हाणीघराच्या बोळात कोसळले. डॉक्टर ओबाता म्हणाले, ऑपरेशन याच महिन्यात करा, पुढचं मी सांगू शकत नाही. मामंजी म्हणाले, "सातवा डाव होऊ दे. मग काय कापायचं ते कापा." वय एकोणऐंशी आणि हट्ट चार वर्षांच्या पोराचा. दवाखान्यात धरलेली खाट सोडावी लागली.

कुरामोचीने लागोपाठ चार जिंकले तर फेब्रुवारीतच सुटका. मी त्याच्या बाजूने आहे. गावात कळलं तर मला उकळत्या झऱ्यात बुडवतील.

२९ जानेवारी

दोन-शून्य. हुश्श.

३ फेब्रुवारी

आज घरातली इडापिडा घालवायला भाजलेले सोयाबीन फेकले. जेवढं वय तेवढे दाणे खायचे, म्हणून मामंजी एकोणऐंशी मोजून बसले. चाळिसाव्याला दम लागला. उरलेले शिगेओने संपवले.

दुपारी ते उत्तरेच्या खोलीत पट पुसत होते. तिथला उजेड असा की पटावर सावली पडत नाही. त्यासाठीच बांधली त्यांनी ती खोली. तरुणपणी तोकियोत शोगी शिकायला होते. एकतीस पूर्ण व्हायच्या आत व्यावसायिक झाला नाहीत तर घरी जा, असा नियम. ते घरी आले. एवढंच सगळ्यांना ठाऊक, पोटच्या मुलालासुद्धा. त्यानंतर पटाला हात लावला तो फक्त पुसायला.

१० फेब्रुवारी

तीन-शून्य!! मोठ्या दवाखान्यात फोन करून २७ तारखेची खाट धरून ठेवली. मग देवळात गेले, नाणं टाकलं, टाळ्या वाजवल्या आणि कुरामोचीचं नाव घेतलं. मागे वळते तर किनुए उभी! तीस वर्षं आमच्याकडच्या खोल्या सांभाळते, तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

"मालकीणबाई, सोएजिमासाठी ना?"

"हो तर!"

देवाच्या दारात उभं राहून खोटं बोलले. त्याने समजून घ्यावं.

मामंजी मात्र ढिम्म. "तीन हरून पुढचे चार जिंकलेली माणसं आहेत," म्हणाले, आणि मुळ्याचं लोणचं मागितलं.

२४ फेब्रुवारी

जिंकला मेला! गावात ढोल काय, दारू काय. नगराध्यक्ष येऊन मामंजींचा हात हलवून गेले. मी चादरींच्या खोलीत जाऊन रडले. नंतर दवाखान्यात फोन. "२७ची खाट नको." तिकडची बाई म्हणाली, "परत?"

म्हटलं, हो, परत.

१ मार्च

मामंजी तिसऱ्या पायरीवर थांबले. ओठ निळे. मी हात धरला तर झटकला.

"मामंजी, डाव काय, पुन्हा येईल."

"आणि मी?"

"तुमच्यासाठीच तर सांगतेय."

"सूनबाई, तीस वर्षं अर्ज केले. तीस! आत्ता कुठे होकार आलाय. आणि ते इथे येतील तेव्हा मी नाकात नळ्या घालून पडू?"

त्यांचंही खरंच आहे. मला राग येतो तो त्याचाच.

७ मार्च

तीन-दोन. सोएजिमा परत जिंकला. आज हुश्श नाही.

११ मार्च

डावाची खोली तपासायला तोकियोहून शोगीवाले दोघं आले. उजेड बघितला, आसनं दाबून बघितली, संडास किती पावलांवर ते मोजलं. मग म्हणाले, तळ्यात पडणाऱ्या पाण्याचा आवाज होतो, ते दोन दिवस बंद ठेवा. किनुए चहा ठेवता ठेवता पुटपुटली, "माशांना विचारलंत का?"

कॅमेरा लावायला कुणीतरी खेळाडूच्या जागी बसायला हवं होतं. मामंजी पुढे झाले. पाय दुमडून, पाठ ताठ करून बसले. वीस वर्षांत त्यांना असं बसलेलं मी पाहिलेलं नाही. चेहराच वेगळा. त्या चेहऱ्यासाठी, एवढ्या एका दुपारपुरती, मी सोएजिमाच्या बाजूने झाले.

"झालं, उठलात तरी चालेल," कॅमेरावाला म्हणाला.

त्यांना उठता येईना. शिगेओने आणि मी दोन्हीकडून धरून उचललं. "पायाला मुंग्या आल्या," मामंजी हसत म्हणाले. मुंग्याबिंग्या काही नव्हत्या. त्यांची छाती माझ्या हाताखाली धडधडत होती.

संध्याकाळी मी पुन्हा कुरामोचीकडे.

१८ मार्च

सहाव्याचा पहिला दिवस. आजचा खेळ थांबवताना कुरामोचीने उद्याची पहिली चाल कागदावर लिहून पाकिटात बंद करून दिली. माझाही जीव त्याच पाकिटात.

१९ मार्च

आजच लिहायचं.

दुपारी चारला टीव्हीवरचा जिंकण्याच्या शक्यतेचा आकडा सोएजिमाकडे शंभरातले चौऱ्याण्णव दाखवत होता. म्हणजे तीन-तीन. म्हणजे सातवा. शिगेओ मासेवाल्याला फोन लावून तयार. नगराध्यक्ष आमच्याच दिवाणखान्यात आमचीच दारू पीत बसलेले. मी मामंजींच्या मागे बसले होते, त्यांच्या मानेकडे बघत. म्हटलं, आता आठ दिवस या माणसाला काचेच्या भांड्यासारखं सांभाळायचं.

सोएजिमाचा वेळ संपलेला. एका मिनिटात एक चाल, शेजारी सेकंद मोजणारा. पन्नास, एक्कावन्न, बावन्न, त्रेपन्न... शोगीत मारलेली सोंगटी आपली म्हणून पुन्हा पटावर ठेवता येते; पोराने मारलेलं एक प्यादं उचललं आणि ठेवलं.

"अरे नको!"

ओरडले ते मामंजी. टीव्हीवरच्या तज्ज्ञाच्या लक्षात यायच्या आधी. समोरच्या कुरामोचीच्याही आधी, असं मला वाटतं. मग कळलं. त्याच उभ्या रांगेत त्याचं स्वतःचं एक प्यादं आधीपासून होतं. एका रांगेत आपली दोन प्यादी नाहीत! शोगी न येणाऱ्या मलाही हे ठाऊक. ठेवलं की डाव तिथेच संपला, माफी नाही. खालच्या शाळेतली पोरंसुद्धा ही चूक केली की लाजून मरतात. आणि किताबाच्या लढतीत!

सोएजिमा पटाकडे बघत राहिला. कान लाल. मग वाकून म्हणाला, "हरलो."

नगराध्यक्षांनी पेला खाली ठेवला. चार-दोन, किताब कुरामोचीकडेच. सातवा नाही. हुश्श! हुश्श, हुश्श! माझ्या तोंडून खरंच मोठ्याने निघालं आणि मी ते खोकल्यात लपवलं.

मामंजी पांढरेफटक. मला वाटलं, आता हे इथेच... पण त्यांनी फक्त विचारलं, "वय काय त्या पोराचं?"

"चोवीस," शिगेओ म्हणाला.

"हं." मग माझ्याकडे न बघता, "सूनबाई, बॅग भर. ओबाताला फोन कर. उद्या होत असेल तर उद्या."

माझं नवस बोलणं फळाला आलं. त्यांचं तीस वर्षांचं स्वप्न मोडून, पण आलं. मला आनंद झालाय आणि त्याची लाजही वाटत नाहीये. भरली बॅग.

२४ मार्च

सकाळी आठला आत नेलं. दुपारी अडीचला डॉक्टर बाहेर आले आणि हसले. आधी हसले, मग बोलले. देव त्यांचं भलं करो.

२७ मार्च

आज आमच्याकडे सातव्याचा दुसरा दिवस असता. त्याऐवजी मामंजींनी चार चमचे पेज खाल्ली आणि विचारलं, "तळ्याचं पाणी सुरू केलंत का?" केलं, म्हटलं. कधी नव्हे ते नर्सचंही ऐकतायत. औषधाची वेळ स्वतः विचारतात. शिगेओ म्हणतो, आपले बाबा बदलून दुसरेच दिलेत बहुतेक.

६ एप्रिल

चालायला लागले. काठी घेऊन दवाखान्याच्या बोळाच्या टोकापर्यंत आणि परत. आल्यावर एक पत्र हातात दिलं, टपालात टाक म्हणाले. वर नाव सोएजिमाचं. सांत्वनाचं असणार. बिचारा त्या दिवसापासून पटासमोर बसलेलाच नाही म्हणे, दोन सामने न खेळताच सोडले.

मी झोपते आहे आजकाल. सरळ सहा तास!

२९ एप्रिल

मामंजी घरी. किनुएने त्यांच्यासाठी बांबूच्या कोंबांचा भात केला. चेरीचा बहर आमच्याकडे उशिरा येतो, तो नेमका त्यांच्यासाठी थांबल्यासारखा होता. सोएजिमाचं उत्तर आलंय. ज्यांच्याकडचा डाव रद्द होतो त्यांच्याकडे खेळाडू कधीकधी आभार मानायला जातात, तसा येतोय. एकटाच.

१२ मे

आला. ओढलेला चेहरा, नजर वर नाही. उत्तरेच्या खोलीत मामंजी पटासमोर बसले. मी चहा घेऊन दाराशी पोचले, तोच त्यांनी एक प्यादं उचलून स्वतःच्याच प्याद्याच्या रांगेत ठेवलं. खट्!

"हे असं. शेवटची संधी होती, एकतिसाव्याच्या आतली. जिंकत होतो. घरी सांगितलं, वय झालं म्हणून काढलं. बायकोलाही तेच सांगितलं. ती गेली तरी तेच." मग म्हणाले, "एकोणपन्नास वर्षं कुणाला बोललो नाही. तुला टीव्हीवर पाहिलं आणि म्हटलं, आता मरून चालणार नाही. हे या पोराला सांगणार कोण?"

म्हणजे ती बॅग यासाठी होती! सातवा गेला म्हणून नव्हे, आणि माझ्या नवसाने तर नव्हेच.

पोरगा आधी हसला, मग ढसाढसा रडला. मग डोळे पुसून सोंगट्या पुन्हा मांडायला लागला. चहा गार झाला होता. मी दुसरा करून आणला.