एकोणीस माणसं, सदतीस पाय

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चोपन्न व महिने दोन, धंदा कात्र्या-सुऱ्यांना धार लावणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. बिघडली आहे ती हृदयाची एक झडप. झडपेचा डोक्याशी संबंध नाही, असं मी डॉक्टरांकडून लेखी घेतलं आहे. मंगळवारी ऑपरेशन आहे. देवाने राखलं तर हा कागद फाडीन, नाही राखलं तर वाचावा.

वकील केलेला नाही. कायद्याचं पुस्तक आणून सर्व शिकलो, जसा धंदाही पुस्तकातूनच शिकलो. त्या धंद्याच्या पुस्तकाची पहिली बारा पानं नव्हती. माझे थोरले बंधू, ज्यांना यापुढे ‘दादा’ म्हटलं आहे, म्हणत असत, "याला सगळं येतं, फक्त सुरुवात येत नाही."

कलम १. राहतं घर व बँकेतली शिल्लक पत्नीला, तिच्या पश्चात मुलीला. स्वयंपाकघरातल्या खिडकीची कडी मी बसवली आहे. ती वर उचलून डावीकडे सरकवायची. पंचवीस वर्षांत घरात कोणी नीट लावलेली नाही.

कलम २. धारेचं मोठं चाक, मोटरसह, विकावं. शेजारच्या शिंप्याला मात्र विकू नये. त्याने मी धार लावलेल्या कापडाच्या कात्रीने पुठ्ठा कापला होता. ख्रिस्ती माणूस म्हणून मी माफ केलं आहे, पण चाक देणार नाही.

कलम ३. दुकानात खुर्चीमागची काचेची फ्रेम. ही मी दुकान उघडलं त्या दिवशी लावली, पुढे एखादं प्रमाणपत्र मिळेल तेव्हा आत घालायला. सोळा वर्षं रिकामी होती. गिऱ्हाईक विचारायचं, "आत काय होतं?" मी म्हणायचो, "येणार आहे." सध्या तिच्यात काय आहे ते कलम ५ मध्ये येईल. फ्रेम वृद्धाश्रमाला द्यावी.

कलम ४. दादा. सहा वर्षांपूर्वी आमच्या मंडळीत चर्चच्या वडीलपदाची, म्हणजे कारभारी पंचाच्या खुर्चीची, निवडणूक झाली. दोघे भाऊ उभे होतो. दादांना चौदा मतं, मला अकरा. चर्चच्या दारात टाय सारखा करत दादा सर्वांदेखत म्हणाले, "धाकट्या, तुला लोकांच्या पायाशी बसायची सवय. तिथंच बरा दिसतोस." त्यानंतर आम्ही बोललेलो नाही. सणाला एकत्र जेवताना मीठ हवं असलं तरी पत्नीमार्फत मागतो.

कायद्याच्या पुस्तकात पान एकशे दहावर आहे की मृत्युपत्राच्या साक्षीदाराला त्यातून काही मिळत नाही. म्हणून साक्षीदार क्रमांक दोन दादांना नेमत आहे. म्हणजे त्यांना काही न देण्याचं काम कायदाच करील आणि मला वाईटपणा येणार नाही.

कलम ५. शनिवार. हेच कलम महत्त्वाचं आहे, बाकीची घाईत वाचली तरी चालतील.

नऊ वर्षांपूर्वी मी वृद्धाश्रमात गेलो तो सेवेसाठी नव्हे, धंद्यासाठी. मेट्रनबाईंना म्हटलं, "माझ्या धारेसारखी धार गावात नाही." त्या म्हणाल्या, "दाखवा," आणि मला एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या पायाशी बसवलं. बाईंची नखं वळून मांसात शिरली होती. सात महिने पायात बूट नव्हता, उपासनेला जाणं बंद. मला चाळीस मिनिटं लागली, शर्ट भिजला. बाईंनी बूट घातले, खिडकीपर्यंत जाऊन परत आल्या आणि म्हणाल्या, "शंभरपैकी ब्याण्णव. डाव्या करंगळीला टोक राहिलंय." टोक मी लगेच घासलं. आठ गुण मात्र आजतागायत दिलेले नाहीत.

पुढच्या शनिवारी मी फक्त त्या आठ गुणांसाठी गेलो. तेव्हापासून जातोच आहे.

आजमितीस एकोणीस माणसं, सदतीस पाय, एकशे त्र्याऐंशी नखं. (एका पहारेकरी आजोबांना एकच पाय आहे. ते दर वेळी म्हणतात, "माझा पाय निम्म्या वेळात होतो, उरलेल्या वेळात गप्पा मार." दोन बोटं साखरेच्या आजारात गेली.) ही यादी फ्रेममध्ये आहे. याहून मोठं प्रमाणपत्र माझ्या वाट्याला येईल असं वाटत नाही, आणि आता नकोही आहे. ज्या प्रभूने कंबरेला टॉवेल बांधून मित्रांचे पाय धुतले, त्याच्याच मंडळीत मी खुर्चीसाठी मतं मागत हिंडत होतो. टॉवेल तर केव्हाचा मोकळा पडला होता. त्याला कोणी निवडणूक लावलेली नव्हती. दादांचं ते वाक्य खरं होतं. सहा वर्षं राग आला तो त्याचाच.

मंगळवारी काही झालं, तर शनिवारी कोण जाणार, ही एकच काळजी आहे. मेट्रनबाई म्हणतात, "नखं काय, कोणीही कापील." माझ्याआधी कोणी कापली नव्हती.

म्हणून सूचना. पाणी कोमट. पाय दहा मिनिटं भिजवावे. सुरुवात करंगळीपासून, म्हणजे माणूस घाबरत नाही. नख सरळ कापावं, गोलाई काढू नये. वास आला तरी चेहरा बदलू नये, ते वरून बघत असतात. मोठ्या नखांची पकड तारा कापायच्या पकडीला अकरा संध्याकाळी घासून मी केली आहे. अशी दुसरी नाही. ती पकड, दोन कात्र्या, कानस, एनॅमलचा टब, सहा टॉवेल आणि नऊ इंची स्टूल, ही सर्व मिळकत, शनिवारच्या फेरीसह, अमुक व्यक्तीस: ............ (शोध चालू आहे.)

कलम ६. कलम ४ चा शेवटचा परिच्छेद रद्द. कारण पुढीलप्रमाणे.

गुरुवारी पत्नीने दादांना सहीसाठी दुकानात आणलं. दादांनी चष्मा लावून उभ्याने सगळं वाचलं, माझ्या शुद्धलेखनाच्या दोन चुका दाखवल्या. (एकच होती.) मग सहा वर्षांनी माझ्याशी पहिलं वाक्य बोलले.

"कोमट म्हणजे किती?"

"कोपर बुडवून बघायचं."

"हं. आणि साक्षीदाराला काही मिळत नाही, हे पक्कं?"

"पान एकशे दहा."

दादांनी पेनाला टोपण लावलं. "मग मी सही करत नाही."

मी म्हटलं, "अजून राग आहे तर राहू दे. दुसरा बघतो."

"राग कसला, धाकट्या? ते स्टूल माझ्या नावावर कर." मग टायची गाठ सैल करून म्हणाले, "रिटायर झाल्यापासून मला कोणी कुठं बसायला बोलवत नाही."

"नऊ इंच आहे, दादा. गुडघे तुमचे. उठवणार कोण?"

पत्नी म्हणाली, "मी उठवीन. बसा तर आधी."

दादा बसले. कलम ५ मधल्या रिकाम्या जागी यापुढे ‘माझे थोरले बंधू’ असं वाचावं.

साक्षीदार क्रमांक एक: वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. सही आहे, वाचता येत नाही.

साक्षीदार क्रमांक दोन: दादांचं नाव खोडलं आहे, ते त्यांनी स्वतः खोडलं. त्यांच्याऐवजी शेजारचा शिंपी. सही करण्यापूर्वी त्याने विचारलं, "मला यात काही नाही ना?" नाही म्हटल्यावर आनंदाने केली. कलम २ त्याला वाचू दिलेलं नाही.

सही करणार: मी स्वतः. हात स्थिर.

ठिकाण: वृद्धाश्रमाचा व्हरांडा. वार शनिवार, फेरी संपल्यावर.

नोंद: आज पहिले दोन पाय दादांनी केले. मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांना छत्तीस गुण दिले व पुढच्या शनिवारी पुन्हा बसायला सांगितलं. मला पहिल्या दिवशी ब्याण्णव होते, हे कागदावर असावं.