चढताना बोलायचं नसतं

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी विमानात नेमकं काय करतो हे तुला नीट सांगायचं राहूनच गेलं. डेअरीवर दुधाचे कॅन धुता धुता तू सगळ्यांना सांगायचीस, "माझं पोरगं इमान चालवतंय." एकटं कुणी चालवत नाही गं, दोघं असतो. चाकं जमिनीवरून सुटली की शेजारचा सांगतो, विमान चढतंय. मग मी म्हणतो, चाकं आत घे. तो तेच शब्द परत म्हणतो आणि मगच दांडा वर करतो. शिवाय दहा हजार फूट ओलांडेपर्यंत कामाशिवाय एक अक्षर बोलायचं नाही. हा नियम ऐकून तू हसली असतीस. चुलीवरच्या दुधावर लक्ष ठेवायला मला बसवायचीस, मी दारातल्या काकूंशी गप्पा हाणत बसायचो आणि दूध उतू जायचं. "बोलाया लागलास की तुला भानच ऱ्हात न्हाई," फडक्यानं चूल पुसत तू म्हणायचीस. "तोंडाला जरा दावं बांध."

गेल्या आठवड्यात पुण्याहून निघालो. शेजारी नवी मुलगी होती, हुशार, मोजकं बोलणारी. जमिनीवरून वाट सांगणाऱ्या कंट्रोलनं दहा हजारांच्या आतल्याच एका उंचीवर थांबायला सांगितलं होतं, त्याच्या वर जायचं नाही. हवा स्वच्छ, म्हणून मी ऐटीत विमान हातानंच चढवतोय, आणि समोर पारनेरकडची तळी उन्हात चमकताना दिसतात. झालं. मी बोट दाखवून सुरू होतो, ते बघ आमचं गाव, तिथं माझी आई... सर बोलताहेत म्हटल्यावर ती बिचारी तिकडं बघत राहते. थांबायची उंची जवळ आली की तिनं मोठ्यानं सांगायचं असतं. तिनं सांगितलं, पण तोवर आम्ही वर निघून गेलो होतो. कंट्रोलनं हटकलं, मी विमान खाली घेतलं. कुणाला काही झालं नाही, पण चौकशी व्हायचीच. साहेबांनी आधी मला विचारलं. मी म्हणालो, "तिनं सांगायला उशीर केला." त्यात खोटं काहीच नव्हतं, हीच तर माझी हुशारी! ती मान खाली घालून "हो सर" म्हणाली. आता तिचं उडणं बंद आहे आणि मी रोज उडतोय. मला माझीच लाज वाटते, आई. आरशासमोर टाय बांधताना वर बघवत नाही.

बोलत मी होतो, एवढंच साहेबांना सांगायचंय. पण ते विचारतील, काय बोलत होता? तिलाही विचारतील, आणि ती सांगेल की सरांच्या आई त्या गावच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. हो, मी तिला तसंच सांगितलं. डेअरी नाही, कॅन नाहीत. साहेब एकदा आपल्या घरी आले होते, तुझ्या हातची भाकरी खाऊन गेलेत. त्यांना सगळं ठाऊक आहे. काल फोनवर त्या मुलीनं उलट माझीच समजूत घातली. "सर, मनाला लावून घेऊ नका, चूक माझीच. तुमच्या आईंनी किती मुलं घडवली असतील ना!" मी "हो" म्हणालो.

उद्या जाईन साहेबांकडे. जायलाच हवं. हे पत्र मात्र कुठं टाकायचं नाही. खरं सांगू? दुसऱ्या कुणाला लिहायला धजलोच नसतो. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तुला लिहिलं.