एका प्रतीचे दोन वाचक

कल्याण,
दि. १९ फेब्रुवारी १९५३

तीर्थस्वरूप सौ. अक्कास,
त्र्यंबकचा साष्टांग नमस्कार.

तुझे ठाण्याहून आलेले पत्र पोहोचले. परशुरामपंतांचा खोकला उतरला हे वाचून बरे वाटले. काढा मात्र त्यांनी मध्येच सोडू नये. माझी प्रकृती ठीक आहे. शाळा व्यवस्थित चालू आहे.

येत्या रविवारी तू वासंतीबाई व त्यांच्या वडिलांना घेऊन येथे येणार, आणि त्यापूर्वी तुला माझा होकार अथवा नकार हवा, हे मी नीट वाचले आहे. मंदाकिनीला जाऊन वर्ष लोटले, आता घराला माणूस हवे, हे तुझे म्हणणे अवाजवी नाही. उत्तर याच पत्रात देतो. आधी येथील हकीकत लिहितो.

आमच्या वाचनालयाने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी वरच्या मजल्यावर अभ्यासिका काढली आहे. शिकण्यासाठी मुंबईस जाणारी येथील मुले संध्याकाळी तेथे बसतात. कुजबुजीच्या तक्रारी आल्यामुळे, ही मुले अभ्यास कसा करतात ते पाहून नियम सुचवावेत, असे मंडळाने मला सांगितले. आठवड्यातून दोनदा जावे, अशी अपेक्षा होती. मी रोज जातो.

पाहण्यासारखे पुष्कळ असते. नीला नावाची मुलगी पाठांतर करताना केवळ ओठ हलविते, आवाज अजिबात नाही. एक विद्यार्थी नकाशांच्या मोठ्या पुस्तकामागे बिनदिक्कत झोपतो. सुधीर हा पेन्सिलीस इतके टोक करतो की लिहावयास पेन्सिल उरत नाही.

नेमलेल्या पुस्तकाची बहुधा एकच प्रत असते, आणि ती घरी नेता येत नाही. त्यामुळे दोघे-दोघे एका पुस्तकात वाचतात. ज्याचे पान आधी संपेल त्याने थांबावयाचे. सुधीरचा जोडीदार फिलिप, रेल्वेत नोकरीस असलेल्या एका ख्रिस्ती गृहस्थांचा मुलगा, फार सावकाश वाचतो.

"झालं का रे?"

"थांब की! तू काय डेक्कन क्वीन आहेस?"

"अरे, परीक्षा येऊन जाईल, तुझं पान काही संपायचं नाही."

"जाऊ दे. पुढच्या वर्षी पण हेच पुस्तक आहे."

अशा वेळी मी टेबलावर पट्टी आपटतो. ते दोघे खाली मान घालून हसतात आणि पुन्हा तेच करतात.

काल एक किरकोळ प्रसंग घडला. तो लिहिण्याजोगा नाही. पहाटे येथे अजून थंडी पडते. तुम्हीही सांभाळून असावे.

तो प्रसंग टाळून पुढे लिहिता येत नाही, असे दिसते.

मी टेबलाच्या टोकाला एक प्रवासवर्णन वाचीत बसलो होतो. पान संपले. "झालं का?" मी विचारले. मोठ्याने, घरात विचारावे तसे. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

सगळ्या माना वर झाल्या. नीलाने तोंडाला पदर लावला. समोर बसलेल्या फिलिपला वाटले, मी त्यालाच विचारले. तो गडबडून म्हणाला, "हो सर, झालं."

"खोटं बोलतो, सर! निम्मं पान बाकी आहे त्याचं," सुधीर ओरडला, आणि अभ्यासिका हसण्याने भरून गेली. मी शांतता राखण्यास सांगितले, खाली आलो आणि नळापाशी बराच वेळ उभा राहिलो.

अक्का, तुला हे ठाऊक नसावे. जेवणे आटोपली की मंदाकिनी आणि मी एकाच पुस्तकातून वाचीत असू. एखादे वाक्य आवडले की ती मागे जाऊन ते पुन्हा वाची, म्हणून तिला वेळ लागे. मी पानाच्या तळाशी थांबे, विचारी. ती "हं" म्हणे. मग मी पान उलटी. ती गेल्यापासून घरी माझ्या हातून एकही पुस्तक पुरे झालेले नाही. मी तळाशी येतो आणि थांबतो. अभ्यासिकेत इतरांनाही थांबावे लागते, म्हणून तेथे बसवते. रोज जातो तो त्यासाठी. मंडळाला मी कुजबुजीविरुद्ध कोणताही नियम सुचविणार नाही.

रविवारी त्यांना आणू नकोस. वासंतीबाई शिकलेल्या आहेत, त्यांना वाचनाची आवड आहे, असे तू मुद्दाम लिहिलेस. मला भीती वाटते ती त्याचीच. त्या शेजारी बसतील, आणि मी दुसऱ्याच कोणाच्या हुंकाराची वाट पाहीन. त्यांच्यावर हा अन्याय मला करावयाचा नाही.

मात्र त्यांना कोणी नाकारले, असा बोभाटा होता कामा नये. नकार त्यांच्याकडून आला, असेच सर्वांना सांग. माझे वय सांग, माझा तिरसट स्वभाव सांग. मी कोठेही खोडून काढणार नाही.

तुला राग येईल. येऊ दे. परंतु समजूत घालणारे पत्र पाठवू नकोस. संध्याकाळी कुलूप काढताना हात कचरतो, अशा एखाद्या वेळी ते हाती पडले तर मी हो म्हणून बसेन.

या एका बाबतीत आज्ञेबाहेर असलेला,
तुझा धाकटा भाऊ
त्र्यंबक