दोरा कुणी धरला होता

ती. आईस, सुमितचा जयभीम.

मी बरा आहे, जेवण पोटभर मिळतं. तुझा गुडघा कसा आहे? फोनवर तू रडत बसशील म्हणून लिहितोय.

काल कारखान्यात नव्या पोरांची ओळख व्हावी म्हणून साहेबांनी खेळ घेतला. डोळ्यांवर फडकी बांधून खुर्च्यांवर गोल बसलेलो. दोऱ्याचा गुंडा फिरवायचा, हातात आला की दोरा धरून नाव, गाव, घरचं आवडतं जेवण सांगायचं. मी सांगितलं नि गुंडा उजवीकडे दिला. घेणारा हात गार होता. तो मराठीत बोलला, "मी संदेश, आंबिवलीचा. आईची सुकटीची चटणी."

आई, आपल्या दादाचाच आवाज गं. इथे मराठी बोलणारा मी एकटाच आहे.

फडकं काढलं तर शेजारची खुर्ची रिकामी, दोरा खुर्चीच्या हाताला गुंडाळलेला. पलीकडचा बिहारी पोरगा म्हणाला, "तेरा दोस्त किधर गया बे? अभी तो मुझे गोला दिया."

मायाताई सांगत होती, दादा हरवून इतकी वर्षं झाली म्हणून रविवारी तू तो गेला असं धरून त्याचं पुण्यानुमोदन ठेवलंयस. थांबव गं. तो अजून स्वतःचं नाव सांगतोय. आपण कसं म्हणायचं, गेला म्हणून?

बाबांना जयभीम सांग.

तुझा,
सुमित