तुला खाली पाठवलं तो चढ

आई,

दिवाळी सरली की उस्मानपुऱ्यातल्या माझ्या दुकानात पोरं यायला लागतात. कुणाला जानेवारीत हिमालयात जायचं असतं, कुणाला नुसतंच विचारायचं असतं. बर्फातल्या ट्रेकचं सामान मी भाड्यानं देते आणि त्यासोबत बडबड फुकट. सुती बनियन आत घालू नका, सांगते. सुती कपडा घाम पितो आणि मग अंगावरच गार होतो. आपल्याकडं उन्हाळ्यात जे सुख वाटतं, तेच तिथं जिवावर बेततं. अंगाला लागून पातळ, घाम न धरणारं, त्यावर लोकर, सगळ्यात वर वारा अडवणारं. चालताना थोडी थंडी वाजलेलीच बरी. घाम यायला लागला की एक कपडा काढायचा, आणि थांबलं की आधी कपडा चढवायचा, मग पाणी प्यायचं. पाण्याची बाटली पिशवीत उलटी ठेवायची, कारण पाणी वरून गोठायला लागतं आणि उलट्या बाटलीचं तोंड मोकळं राहतं. पायाची नखं कापून जायची, नाहीतर उतारावर बुटात आपटून काळी पडतात. पोरं माना डोलावतात आणि यातलं निम्मं विसरतात. इतक्या वर्षांत माझं हे सगळं शब्दाला शब्द पाळलेलं एकच माणूस मला ठाऊक आहे. ते तू. आणि तुलाच मी वर नेलं नाही.

तू विचारलंस तो दिवस मला स्वच्छ आठवतो. पुंडलिकनगरच्या आपल्या स्वयंपाकघरात तू भाकरी थापते आहेस आणि मी ओट्याला टेकून आदल्या सहलीचे फोटो तुला दाखवते आहे. तू पिठाच्या हातानं फोटो धरत नाहीस, नुसती मान पुढं करून बघतेस. मग तव्याकडं वळून म्हणतेस, "मला बी नेशील का गं?"

"कुठं?"

"तिथंच. बर्फात."

"आई, तुझं वय काय, गुडघे काय..."

"गुडघ्याला काय झालंय? सबंध जन्म लोकांना सांगत आले, जळगावची गाडी लागली, पुण्याची सुटली. एकदा मी बी जाते की कुठं तरी."

बाबा गेल्यावर त्यांच्या जागेवर तुला बसस्थानकात नोकरी लागली आणि तू चौकशीच्या खिडकीत बसलीस ती निवृत्तीला आलीस तोवर. गावं तुला सगळी पाठ होती, पाहिलेलं जवळजवळ कुठलंच नव्हतं. हे मला तोवर कधी सुचलंच नव्हतं, कारण तू तसं कधी बोलली नव्हतीस. मी म्हणाले, वर्षभर तयारी करावी लागेल. तू म्हणालीस, "सांग की मग काय काय करायचं ते."

मी सांगितलं ते सगळं तू केलंस. बूट एक नंबर मोठे घे, आत दोन मोजे बसले पाहिजेत, एक पातळ आणि एक जाड. आणि नवे बूट महिनाभर पायात वागव, म्हणजे वर फोड येणार नाहीत. मला वाटलं, तू ते घरात घालून फिरशील. तू ते साडीवर घालून कामाला गेलीस. स्थानकावर चहा विकणारे चाचा तुझ्या पायांकडं बघून म्हणाले, "क्या बाई, फौज में भरती हो गए क्या?" आणि तू खिडकीतूनच म्हणालीस, "हौ. पहली गोली तेरे को." संध्याकाळी हे सांगताना तुझ्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत तू हसलीस. पहाटे गोगाबाबा टेकडी चढायची, पाठीवर तुरीच्या डाळीची पाकिटं भरलेली सॅक. बोलता येईल इतक्याच वेगानं चालायचं, धाप लागली म्हणजे वेग चुकला, असं मी म्हणाले होते, तर तू पायथ्यापासून माथ्यापर्यंत बोलत राहायचीस. हातमोजे वाऱ्यानं उडून जातात म्हणून दोरीनं गळ्यात अडकवायचे असतात, असं म्हणाले, तर तू मी नेणार होते त्या सगळ्या बॅचच्या हातमोज्यांना परकराच्या नाड्या शिवून दिल्यास. कंपनीत नोकरी करणारी मोठमोठी माणसं गळ्यात नाड्या घालून फोटो काढत होती.

सरावाला आपण फर्दापूरजवळच्या डोंगरात गेलो. तुझं माहेर तिकडचंच. लहानपणी त्याच उतारांवर तू आजोबांची जेवणाची शिदोरी घेऊन शेतात जायचीस. तू सगळ्यांच्या पुढं निघून गेलीस. आम्ही धापा टाकत पोचलो तर तू एका धोंड्यावर बसून बोरं खात होतीस, आणि मला हसू यायच्या ऐवजी राग आला. सगळ्यांसमोर म्हणाले, "लीडरच्या पुढं जायचं नाही. हे माहेर नाही." तू पदरातली बोरं माझ्यापुढं धरलीस. मी घेतली नाहीत. परतीच्या गाडीत तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "तुझं बरोबर हाय. वर गेल्यावर मी तुझी आई नाय. मला बी सगळ्यांसारखंच वागव." त्यानंतर तू कधीही माझ्या पुढं चालली नाहीस.

त्या जानेवारीत आपण गेलो. हे शहर तेव्हा औरंगाबादच होतं. ज्या सकाळी पहिल्यांदा बर्फात पाय ठेवलास, त्या सकाळी तू वाकून मूठभर उचललंस आणि जिभेला लावलंस. "मीठ घालाय पाहिजे," म्हणालीस. बुटांना लोखंडी दात्यांच्या साखळ्या लावून चालताना पाऊल पूर्ण सपाट टाकायचं, टाचेवर किंवा चवड्यावर नाही, हे तुला एकदाच सांगावं लागलं. काळा चष्मा तू ढग आले तरी काढला नाहीस. रात्री ओले मोजे पोटाशी धरून झोपायचीस, कारण मी तसं म्हणाले होते. वरच्या कॅम्पवर पोचलो त्या संध्याकाळी तुला खोकला सुरू झाला. कोरडा, ठसका लागल्यासारखा. कढी नीट प्यायलीस, डोकं दुखत नव्हतं, झोपलीस.

दुसऱ्या दिवशी उजाडताना निघालो. कड्याच्या धारेवर पोचलो तेव्हा सूर्य चांगला वर आला होता आणि शेवटचा चढ समोर दिसत होता, त्याच्या टोकावर फडफडणाऱ्या पताका दिसत होत्या. तू हळू झाली होतीस. थोडं चालायचीस, काठीवर रेलायचीस, खोकायचीस. बाकीचे थांबून बघत होते. मी तुझ्याजवळ आले.

"आई, खोकला वाढलाय."

"घसा सुकलाय गं. हवाच कोरडी हाय."

"छातीत उतरला तर वर काही करता येत नाही."

"नाय उतरला. माझी छाती, मला कळंल ना." मग तू चढाकडं बघितलंस. "एवढंच तर राह्यलंय. बस जरा, मग हळूहळू येते मी."

"थांबता येणार नाही. दुपारनंतर वारा सुटतो. तू खाली जा."

तू माझ्याकडं बघत राहिलीस. काळ्या चष्म्याच्या आतले डोळे मला दिसत नव्हते. मला वाटलं, आता ही सगळ्यांसमोर हट्ट करील, आणि मी आधीच आवाज चढवला, "मी इथं लीडर आहे. मी सांगते ते ऐकायचं ठरलं होतं."

"व्हय, ठरलं होतं," तू म्हणालीस. एवढंच. दोघा वाटाड्यांपैकी धाकट्याबरोबर तू मागं वळलीस. जाताना माझ्या गळ्यातली हातमोज्याची नाडी नीट केलीस, कॉलरच्या आत सरकवलीस, आणि गेलीस.

मी वर गेले. बाकीच्यांना न्यायचं होतं, लीडरनं जायला हवं होतं, हे सगळं खरं आहे. वरून खाली पाहिलं तर धारेच्या बऱ्याच खाली पांढऱ्यावर तुझं लाल जाकीट दिसलं. तू कॅम्पपर्यंत खाली गेली नव्हतीस. आम्ही दिसत राहू अशा एका जागी बसली होतीस, तोंड वर करून. कुणीतरी माझा फोटो काढला. त्यात मी हसते आहे.

कॅम्पवर परतलो तेव्हा तू सगळ्यांसाठी पाणी गरम करवून ठेवलं होतंस. मी बूट सोडत असताना शेजारी येऊन बसलीस. "काय काय दिसलं गं वरनं?"

"काही नाही," मी म्हणाले. "ढग होते. काहीच दिसलं नाही."

त्या दिवशी आभाळात चिंधीएवढाही ढग नव्हता, आणि तू दिवसभर त्याच आभाळाखाली बसून होतीस. तुला वाईट वाटू नये म्हणून म्हणाले मी, पण तोंडातून शब्द निघतानाच कळलं की मी तुला दुसऱ्यांदा मागं लोटलं. तुला नुसतं ऐकायचं होतं. मी सांगितलं असतं तर तू चहा पीत सगळं विचारून घेतलं असतंस, कुठल्या बाजूला काय, कुठलं शिखर मोठं, आणि उरलेला जन्म स्थानकावरच्या बायकांना ते सांगितलं असतंस. तू म्हणालीस, "व्हय का," आणि माझ्यासाठी चहा ओतायला उठलीस. पायथ्याच्या गावात उतरेपर्यंत तुझा खोकला गेला. घरी येईपर्यंत तर आपण दोघीही तो विसरल्यासारखं वागत होतो.

पुढच्या वर्षी नेते, मी म्हणाले होते. पुढच्या वर्षी दुकान टाकलं. त्याच्या पुढच्या वर्षी कॉलेजच्या पोरांची बॅच होती, त्यात तुला अवघडल्यासारखं होईल असं मीच ठरवून टाकलं. तू एकदाही आठवण करून दिली नाहीस. फक्त टेकडी सोडली नाहीस. तू गेलीस त्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत पहाटे तुझ्या बुटांचा आवाज मी अंथरुणात पडून ऐकायचे आणि कूस बदलायचे. मग एका सकाळी तू न्हाणीघरात पडलीस. डॉक्टर म्हणाले, मेंदूतली शीर फुटली, कुणाच्या हातात काही नव्हतं. कुणाच्या हातात काही नव्हतं हे ऐकून माणसाला हलकं वाटत असावं. मला नाही वाटलं. तू गेल्यानंतरचा चौथा श्रावण यायच्या आत मी तुझे बूट एका उंच मुलीला देऊन टाकले, कारण दारात ते बघवत नव्हते.

त्या निर्णयाबद्दल मी अनेकांना विचारलं, आई. ज्यांच्या हाताखाली मी शिकले त्यांना, डॉक्टरांना. सगळे म्हणाले, बरोबर केलंस. डोंगर कुठं जात नाही, जीव जातो. मी स्वतः पोरांना रोज हेच सांगते आणि ते खरंच आहे. शंका आली तर खाली. पण शंका आल्यावर आधी बघायचंही असतं, आणि मी बघितलं नव्हतं. मी तुला एक लांब वाक्य एका दमात बोलायला लावलं नाही. पाठीला कान लावून आत घरघर आहे का ते ऐकलं नाही. सरळ रेषेत चालवून पाहिलं नाही. दुसऱ्या कुणाला नक्की केलं असतं. तुला मी सगळ्यांसारखं वागवलं नाही. सगळ्यांपेक्षा कडक वागवलं, कारण हिची आई म्हणून हिनं सूट दिली असं कुणी म्हणायला नको होतं.

हे मला कळलं ते याच महिन्यात. माझ्या बॅचमध्ये जालन्याच्या एक बाई होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्याच धारेवर, तोच चढ समोर असताना, त्यांना तसाच कोरडा खोकला. मी माझ्याच तोंडून "खाली जा" हे शब्द निघायची वाट बघत होते. त्याऐवजी म्हणाले, "बाई, तुमच्या शाळेची प्रतिज्ञा म्हणा. न थांबता." त्यांनी म्हटली. मी त्यांच्या पाठीला कान लावला. आत स्वच्छ होतं. त्यांना सरळ चालवून पाहिलं, त्या सरळ चालल्या. बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं, आकडा त्या उंचीला ठीक होता. मी बाकीच्यांना जुन्या वाटाड्याबरोबर पुढं पाठवलं आणि म्हणाले, "खोकला ओला झाला किंवा बसल्यावरही धाप थांबली नाही तर तिथूनच फिरायचं. तोवर चला. तुम्ही पुढं, मी मागं. तुमच्या वेगानं."

"तुम्हाला उशीर होईल माझ्यामुळं."

"होऊ दे."

आम्ही गेलो. लई हळू गेलो. वारा सुटायच्या आत पोचलो आणि उतरलोही. तेवढी सवड त्याही दिवशी होती, आई. माझ्यात नव्हती.

वर पताकांपाशी त्या खाली बसल्या. मग माझा हात धरून म्हणाल्या, "तुमच्या जागी माझी मुलगी असती तर तिनं नसतं आणलं मला. तुमची आई आली होती का हो कधी इथं?"

आजूबाजूला सगळी शिखरं उभी होती. खरं सांगायला जागा होती, वेळ होता, आणि त्या बाई ऐकून घेणाऱ्यातल्या होत्या.

मी म्हणाले, "हो. आली होती."