चौथा दिवा

३ मार्च, सोमवार. सकाळी ८.१०
जुनी वही संपली नव्हती. पण नव्या ब्रेकरला नवी वही हवी.

धुलाईघराचा मुख्य ब्रेकर काल मी एकट्याने बसवला. चार तासांत. कंपनीचा माणूस यायला तयार होता, त्याला म्हटलं, बाबा रे, तुझ्या जन्माआधीपासून मी हेच करतोय. जुन्या ब्रेकरला एकच स्क्रू होता. त्याची घरघर कानाने ऐकायची आणि स्क्रू फिरवायचा. नव्याच्या छाताडावर चार चकत्या, चार दिवे, एक रीसेटचं बटण. कानाला काही कामच नाही.

खोक्यात एक जाड काळी रिंग उरली. दोन वायरींची शेपटी असलेली. शर्टासोबत जास्तीचं बटण देतात, तसलाच प्रकार. शेपटी कापली, वायरी झाडूच्या दांड्याला बांधायला कामी आल्या. रिंगेत थर्मास अगदी फिट बसतो. बनवणाऱ्याने डोकं लावलंय.

मालकीणबाई येऊन गेल्या. म्हणाल्या, काका, रुग्णालयाच्या चादरी रोज नऊला पोहोचल्याच पाहिजेत. महिनाभर बघू. जमलं तर तुम्ही आहातच. नाहीतर एक तारखेपासून कंपनीची सर्व्हिस लावू, तुम्ही आराम करा.

आराम. चौतीस वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडी पहिल्यांदा ऐकला. आवडला नाही.

संकल्प : या महिन्यात ब्रेकर एकदाही पडणार नाही.

४ मार्च. ७.४०
पडला.

सहाही इस्त्रीची टेबलं चालू झाली आणि खटकन अंधार. पण अकरा सेकंदांत मी रीसेट दाबून उभा केला. आधी उभा करायचा, मग विचार करायचा, हा माझा नियम. इस्त्रीखातं सांभाळणाऱ्या मावशी म्हणाल्या, काका, एक लाल दिवा लागला होता, बघितलात का? म्हटलं, मावशी, दिवा आहे म्हटल्यावर लागणारच.

पहिली चकती (किती भार सोसायचा) थोडी वाढवली. झालं काम.

६ मार्च
दोनदा. नऊ सेकंद आणि आठ सेकंद. प्रगती आहे.

मावशी परत दिव्याचं काहीतरी सांगत होत्या. या बाईंना प्रत्येक गोष्टीत बोलायचं असतं.

९ मार्च, रविवार
धाकटीचा फोन. ती वीजकेंद्रात असलेच ब्रेकर तपासते. मोठी इंजिनिअर. पण पाया माझा. सात वर्षांची असताना मी काम करायचो आणि ती टॉर्च धरायची. सारखा हलायचा. मी ओरडायचो, टॉर्च हलवू नकोस! तेव्हापासून काहीही अडलं की मलाच विचारते. मागच्या वर्षी मिक्सरबद्दल विचारलं होतं.

तिने विचारलं, बाबा, नवा ब्रेकर कसा आहे? म्हटलं, झकास.

स्वयंपाकघरातून ही खोकली. हिला सर्दी झालेली नाही.

११ मार्च
ब्रेकरसोबतचं पुस्तक चाळलं. एकशे बत्तीस पानं. जो माणूस चार चकत्या समजवायला एकशे बत्तीस पानं घेतो, त्याला स्वतःलाच समजलेलं नसणार. या शिकलेल्यांचं असंच. काखेत कळसा नि गावाला वळसा.

माझ्या भाषेत : पहिली, किती भार सोसायचा. दुसरी, किती वेळ सोसायचा. तिसरी, शॉर्ट झाला तर. चौथी, वीज जमिनीत गळली तर. जमिनीशी आपलं काही वैर नाही, म्हणून चौथीला हात लावला नाही. बाकी तिन्ही शेवटापर्यंत फिरवल्या. आता सोस म्हणावं.

१४ मार्च. दुपारी
यश! मोठ्या धुलाईयंत्राची मोटर जळाली, धूर निघाला, कानठळ्या बसल्या, पण आमचा ब्रेकर पडला नाही. तसूभर हलला नाही. पहाडासारखा.

खांबावरचा फ्यूज गेला. गल्लीभर वीज गायब. समोरचा केशकर्तनवाला एका गिऱ्हाईकाला हाताला धरून घेऊन आला. गिऱ्हाईकाचं डोकं अर्धं झालेलं. म्हणाला, काका, उरलेलं तुम्ही करा. लोकांना दुसऱ्याचं यश बघवत नाही.

१५ मार्च. ७.४०
पडला. पहाड.

१८ मार्च
रोज ७.४०. गाडीसुद्धा इतकी वेळेवर येत नाही.

दोष कुणाचा ते आता स्पष्ट आहे. इस्त्र्यांचा. सहाही टेबलं आणि इस्त्रीखात्याचे सगळे दिवे मी विजेच्या तीनपैकी एकाच फेजवर घेतलेत, एका ओळीत, इतकं नीट की बघत राहावं. तिथे चूक शक्य नाही. म्हणजे इस्त्र्याच. तीन टेबलं चालवली तर ब्रेकर पडत नाही. लगेच वेळापत्रक करून भिंतीला लावलं : आधी तीन टेबलं, मग बाकीची तीन.

मावशींनी वेळापत्रक वाचलं. म्हणाल्या, जुन्या ब्रेकरला आमच्या इस्त्र्या गोड लागत होत्या, याला काय झालं? मग बायकांकडे वळून म्हणाल्या, चला गं, नाचता येईना तर अंगण वाकडं, आणि अंगण म्हणजे आपण. सगळ्या हसल्या. मी पण हसलो. मोठ्या मनाचं असावं माणसाने.

२१ मार्च
तीन टेबलांवर इस्त्री निम्मी. चादरी साडेदहाला पोहोचल्या, त्याही दमट. रुग्णालयातून फोन. मालकीणबाई फोनवर नुसतं हो हो म्हणत होत्या.

वेळापत्रक काढलं. त्याच्या मागच्या बाजूला कुणीतरी माझं चित्र काढलं होतं. नाक बरोबर आहे.

२३ मार्च, रविवार
धाकटीचा फोन. आज विचारणारच होतो. जिभेवर आलं होतं. तेवढ्यात तीच म्हणाली, बाबा, घराच्या बेलमधून आवाज घोगरा येतो, काय करू? पाऊण तास समजावून सांगितलं. एवढं सांगितल्यावर मग आपण काय विचारायचं?

ही म्हणाली, पोरीने मुद्दाम विचारलं असेल, तुम्हाला बरं वाटावं म्हणून. काहीतरीच.

२७ मार्च
चादरी पुन्हा उशिरा. मालकीणबाई ओरडल्या नाहीत. माझ्या पॅनलच्या खोलीत चहा पाठवला, वर बिस्किटं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. बिस्किटं निरोपाच्या दिवशी देतात.

हातोडी-पक्कड पुसून पेटीत ठेवली. मग परत बाहेर काढली. अजून चार दिवस आहेत.

२८ मार्च. संध्याकाळी
धाकटीला फोन केला. एका मित्राच्या ब्रेकरबद्दल विचारलं, तीन चकत्या शेवटापर्यंत फिरवल्या तरी पडतो म्हणून. बिचारा फार अडचणीत आहे.

ती म्हणाली, बाबा, तुमच्या मित्राला विचारा, पडल्यावर कुठला दिवा लागतो? म्हटलं, मित्र इतका चपळ आहे की दिवा बघायला वेळच नसतो, सात सेकंदांत रीसेट. तर म्हणते, रीसेट दाबला की दिवा विझतो. ब्रेकर का पडला हे सांगायलाच तो दिवा असतो. मित्राला सांगा, आधी बघायचं, मग दाबायचं.

मित्राचं वाईट वाटलं. पंचवीस दिवस ब्रेकर ओरडून सांगतोय आणि हा त्याचं तोंड दाबतोय.

२९ मार्च, शनिवार. ७.४५
दोन्ही हात पाठीमागे बांधून पॅनलसमोर उभा राहिलो. ७.४० ला पडला. बोटं नुसती शिवशिवत होती.

चौथा दिवा. जमिनीचा. ज्या चकतीला हात लावला नाही ती.

मागून मावशी म्हणाल्या, चौथाच ना? पहिल्या दिवसापासून तोच लागतोय. म्हटलं, मग सांगितलं का नाहीत? त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते इथे लिहीत नाही.

धाकटीला फोन. मित्राचा चौथा दिवा, म्हटलं, एकाच फेजवरची सहाही टेबलं चालू झाली की लागतो. ती लगेच म्हणाली, गळतीबिळती काही नाही. एका फेजवर जास्त भार असला की उरलेली वीज न्यूट्रलमधून परत जाते. ती मोजायला न्यूट्रलच्या केबलवर एक रिंग घालावी लागते. नसेल तर ब्रेकरला वाटतं, तेवढी वीज जमिनीत गेली. रिंग ब्रेकरसोबतच येते, बाबा. काळी, जाड, दोन वायरी असलेली. मित्राच्या खोक्यात होती का?

मी थर्मास उचलला. खाली चहाचा गोल डाग पडलेली रिंग.

म्हटलं, मित्राला विचारून सांगतो. ती म्हणाली, विचारू नका. मित्राला सांगा, त्याच्या तिन्ही चकत्या जागेवर आणायलाही कुणीतरी लागेल. उद्या सकाळच्या गाडीने येते.

३० मार्च, रविवार
धुलाईघर बंद. मेन स्विच बंद. पॅनलच्या खोलीत अंधार. धाकटी आली ती हातमोजे घालूनच कामाला लागली. झाडूच्या दांड्यावरून वायरी सोडवल्या, काही विचारलं नाही. रिंग पुसली, काही विचारलं नाही. वायरी जोडल्या, न्यूट्रलची केबल सोडून रिंगेतून ओवली. पुस्तकाचं एकसष्टावं पान उघडून चकत्या लावल्या. मग माझ्या त्या सुंदर ओळीतली चार टेबलं दुसऱ्या दोन फेजवर टाकली.

मालकीणबाई आल्या, सहाही टेबलं चालू करून बघितली. अर्धा तास. पडला नाही. त्यांनी कंपनीची सर्व्हिस रद्द केली. एक तारखेपासून मीच आहे. मात्र कामाचं स्वरूप ठरवून दिलंय. पॅनलसमोर खुर्ची टाकून बसायचं. ब्रेकर पडलाच तर कुठला दिवा लागला ते वहीत लिहायचं आणि धाकटीला फोन करायचा. रीसेट मावशी दाबतील.

जबाबदारीचं काम आहे. नजर लागते.

एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवतो. आज टॉर्च मी धरला होता. रिंग ओवताना धाकटी मान न वळवता म्हणाली, बाबा, टॉर्च हलवू नका.

टॉर्च हलत नव्हता. सेल उतरले होते. उद्या नवे आणायचे.