पाव्हण्यांचा कोपरा

बा, आज सकाळी धरणाच्या पिंपळाकडच्या कोपऱ्यात तुझा एक पाव्हणा मेलेला सापडला. तीच लहानशी, मातकट पाखरं, दिवाळीनंतर कुठल्या कुठल्या थंड देशांतून येणारी, चिखलात तुरुतुरु पळत चोच खुपसणारी. उचलला तर हाताला वजनच लागेना. पिसांखाली छातीचं हाड विळ्याच्या पात्यासारखं बोटाला टोचलं. समोरच्या आख्ख्या चिखलात पाखराच्या पायाचा एक ठसा नव्हता.

दिवाळी ते होळी तू त्या कोपऱ्यात जाळं टाकायचा नाहीस. मी दहा वर्षांची, आईची जुनी साडी घेऊन तिथे झिंगे धरायला उतरलेली. तू काठावरून ओरडतोस, "पाव्हण्यायच्या ताटात काऊन हात घालून राह्यली वं?" साडी झटकून सगळे झिंगे परत पाण्यात सोडतोस. मी रडते, तू हसतोस. "एवढ्या दुरून आले थे. उपाशी वापस लावून देतं का त्याईले?"

तू गेल्यावर मी शिकले. घरातली पहिली पदवी माझी. चिखलीच्या कॉलेजातून परतले ती गावासाठी काही करायचंच म्हणून. बायकांचा गट जमवला, मच्छरदाणीच्या कापडाची जाळी शिवायला शिकवली. झिंगे वाळवून खामगावच्या बाजारात पाठवू लागलो. तुझ्या जाळ्यातून बोट आरपार जायचं. या कापडातून झिंग्याचं अंडंही सुटत नाही. तीन हिवाळे आम्ही तो कोपरा खरवडला, कारण सगळ्यात जास्त झिंगे तिथेच होते. ते तू पाव्हण्यांसाठी राखलेस म्हणूनच तिथे होते, हे मला आज त्या हाडाने सांगितलं.

मेलेलं पाखरू घेऊन मी काकूकडे गेले. ती गटातल्या बायकांबरोबर झिंगे निवडत होती. म्हणाली, "अवं, बीए झाली न् पाखराचं सुतक धरून राह्यली! गेले असतीन दुसऱ्या धरणावर." बाकीच्या हसल्या. तिच्या सुपात या वर्षी मूठभरच झिंगे होते, नखाएवढे.

उद्या पुन्हा त्या कोपऱ्यात उतरायचं ठरलंय. तो सोडा म्हणायचं तर आधी एक गोष्ट सांगावी लागेल. पहिल्या वर्षी काकूने विचारलं होतं, "तुहा बा अथी जाळं काऊन टाकत नव्हता?" मी म्हणाले होते, खाली दगड आहेत, त्याचं जड जाळं अडकायचं. दगड नाहीत हे सगळ्या बायकांच्या पायांना त्याच दिवशी कळलं असेल. कोणी मला काही बोललं नाही. मीही अजून बोललेले नाही, तुलाच तेवढं लिहिते आहे.